तंजावरचा जामीन



दर रविवारी आपण मंडळीत उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. त्यात पिलाताचे नाव येते, वधस्तंभ येतो, प्रभूचे मरण येते आणि आपण पुढल्या वाक्याकडे वळतो. मग सोमवार उजाडतो. दूधवाल्याचा थकलेला हिशेब, घरकामाला येणाऱ्या बाईची राहिलेली मजुरी, धाकट्या भावाने पतपेढीतून काढलेले आणि ज्याच्या कागदावर आपली सही आहे असे कर्ज, ही सारी दाराशी उभी असतात. रविवारच्या त्या एका शब्दाचा, वधस्तंभ या शब्दाचा, सोमवारच्या या मंडळींशी काही संबंध आहे काय?

जामीन राहणे आपल्याकडे शहाणपणाचे मानले जात नाही. भाऊ पैसे बुडवतो आणि पतपेढीची नोटीस आपल्या दारी येते, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुन्हा सही करत नाही. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रे या पुस्तकातसुद्धा परक्याला जामीन राहणाऱ्याला अनेकदा सावध केले आहे. आणि तरीही त्याच पवित्र शास्त्रात, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, आपल्या प्रभूला जामीन म्हटले आहे. वधस्तंभाचा अर्थ लहानपणी संडेस्कूलमध्ये आपण असाच शिकलो की, ऋण आपले होते आणि फेडले दुसऱ्याने. हे आपण मानतो. परंतु जो हे मानतो त्याने स्वतः दुसऱ्याच्या ऋणापुढे कसे उभे राहावे, हा प्रश्न आपण सहसा टाळतो. ज्या एका माणसाने तो टाळला नाही त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तिचा पुष्कळसा भाग एका मराठी राजाच्या दरबारात घडला, म्हणूनही ती आपल्या माहितीची असावी असे मला वाटते.

तंजावर म्हटले की आपल्यासमोर बृहदीश्वराचे उत्तुंग मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या त्या सुपीक प्रदेशात भोसल्यांची गादी स्थापन केली आणि पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ त्या राजवाड्यात मराठी बोलली, लिहिली आणि गायिली गेली. या गादीवर १७६३ साली तुळजाजी राजे बसले. त्यांच्याच कारकिर्दीत तंजावरच्या वेशीतून एक उंच, काळ्या पोशाखातला जर्मन पाद्री आत आला. त्याचे नाव क्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर १७२६ मध्ये प्रशियातील सोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंड देशात आहे. मूल लहान असतानाच आई वारली. मरणापूर्वी तिने पतीला आणि गावच्या पाळकांना सांगून ठेवले की, आपण हे मूल प्रभूच्या सेवेला वाहिले आहे; मोठेपणी त्याची तशी इच्छा दिसली तर कोणी आड येऊ नये. पुढे हाले येथील विद्यापीठात शिकत असता भारतातून परतलेले वृद्ध मिशनरी शुल्ट्झ यांच्याकडे त्यांनी तमिळचे धडे घेतले. तमिळ बायबलच्या छपाईच्या कामात मदत व्हावी एवढाच त्यामागे हेतू होता. ती छपाई काही त्या वेळी झाली नाही, पण भाषा मात्र कामी आली. वडिलांच्या मालमत्तेतील आपला वाटा भावंडांना सोडून देऊन ते निघाले. कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन १७५० च्या जुलै महिन्यात ते कोरोमंडलच्या किनाऱ्यावर, डेन लोकांच्या ताब्यातील तरंगंबाडी बंदरात उतरले. तेथे त्सीगेनबाल्ग यांनी १७०६ साली सुरू केलेले सुवार्तेचे कार्य चालू होते. चार महिन्यांच्या आत श्वार्ट्झ यांनी तमिळमधून पहिला उपदेश केला.

तरंगंबाडीची सुमारे बारा वर्षे आणि त्यानंतर त्रिचनापल्लीची वर्षे यांविषयी मी थोडक्यात सांगतो. त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात एका जुन्या इमारतीतील खोली त्यांना राहावयास मिळाली. खाट आणि माणूस एवढेच तीत मावे. शिजवलेला भात आणि भाजी हे त्यांचे जेवण. काळे सुती कापड हा पोशाख. १७६७ पासून इंग्लंडमधील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्था त्यांचा खर्च चालवू लागली. इंग्रज पलटणीचे पाद्री म्हणून वर्षाला शंभर पौंड मिळू लागले, त्यांचा मोठा भाग शाळेकडे आणि मिशनकडे गेला. त्यांनी लग्न केले नाही. पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी या भाषा त्यांनी एकामागून एक आत्मसात केल्या. आणि वाचकहो, तंजावरच्या राजाशी व दरबारी लोकांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले.

तुळजाजी राजांची आणि त्यांची पहिली भेट १७६९ साली झाली. छताला टांगलेल्या मंचकावर राजा बसला होता. समोर पाद्रींना आसन दिले होते. दुभाषी फारसीत बोलू लागला. श्वार्ट्झ यांनी फारसीतच उत्तर दिले, पण दुभाषी मधली वाक्ये गाळतो आहे हे ध्यानात येताच त्यांनी तमिळमधून बोलण्याची परवानगी मागितली. मिठाई पुढे आली तेव्हा अन्न घेण्यापूर्वी देवाचे आभार मानण्याची आपली रीत आहे असे सांगून त्यांनी तेथेच प्रार्थना केली. राजाला हा माणूस आवडला. तो ख्रिस्ती झाला नाही. परंतु आपल्या राज्यात हा पाद्री असावा असे त्याने मनात धरले. मध्यंतरी, १७७३ साली, अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले आणि तीन वर्षे तुळजाजी राजे गादीवाचून राहिले. १७७६ साली राज्य परत मिळाले, पण प्रजा पिळून निघाली होती आणि खजिना रिता होता. १७७८ साली श्वार्ट्झ कायमचे तंजावरला राहावयास आले. दुसऱ्याच वर्षी शिवगंगा कोटात त्यांनी बांधलेले चर्च उभे राहिले. ते आजही आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १७७९ मध्ये, मद्रासच्या इंग्रज सरकारने त्यांना एका नाजूक कामावर पाठवले. म्हैसूरच्या हैदरअलीचा मनसुबा काय आहे तो समजून घ्यावा आणि सरकारची शांततेची इच्छा त्याला कळवावी, असे ते काम होते. शांततेसाठी म्हणून ते श्रीरंगपट्टणला गेले. मात्र कोणतीही भेटवस्तू स्वीकारायची नाही असे त्यांनी आधीच ठरवले होते. हैदरने त्यांना शेजारी गालिच्यावर बसवून आदराने ऐकून घेतले आणि निघताना वाटखर्चाची म्हणून तीनशे रुपयांची थैली दिली. ती त्यांनी मद्रासला येऊन सरकारच्या हवाली केली. सरकार परत घेईना, तेव्हा तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेचा पहिला निधी म्हणून तिचा विनियोग झाला. शांतता मात्र झाली नाही. सरकारच्या मनात शांतता किती होती, हाच मोठा प्रश्न आहे. भल्या माणसाला पुढे करून आपले काम साधणारे राजकारणी प्रत्येक काळात असतात. दुसऱ्याच वर्षी हैदरची फौज कर्नाटकात उतरली. लढाईच्या धामधुमीतही या पाद्रीला कोणी अडवू नये, अशी ताकीद हैदरने आपल्या अधिकाऱ्यांना दिली होती.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

युद्धाबरोबर दुष्काळ आला. गावे ओस पडली. लोक किल्ल्याच्या आश्रयाला धावले. श्वार्ट्झ यांनी धान्य स्वस्त असतानाच तांदूळ घेऊन ठेवला होता, त्यावर त्यांनी कित्येकांना जगवले. पण तो साठा एका मोठ्या किल्ल्याला कोठून पुरणार? तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपले. पहाऱ्यावरचे शिपाई भुकेने कोसळत होते, रस्त्यांत प्रेते पडत होती. आणि ध्यानात घ्या, आसपासच्या मुलुखात धान्य मुळीच नव्हते असे नाही. धान्य होते, ते किल्ल्यात येत नव्हते. का? कारण यापूर्वी राजाच्या कामदारांनी शेतकऱ्यांचे बैल वेठीस धरले होते, धान्य नेले होते आणि पैसे दिले नव्हते. राजाचे हुकूम सुटत होते, आणि हुकुमावर कोणाचा विश्वास नव्हता.

तेव्हा दरबारात कबूल करावे लागले की, राजाची पत गेली, कामदारांची गेली, इंग्रजांचीही गेली. आता पाद्रीची तरी उरली आहे का ते पाहावे. शेतकऱ्यांशी हवा तो करार करण्याचा अधिकार श्वार्ट्झ यांना लेखी देण्यात आला. त्यांनी चहूकडे पत्रे पाठवली. त्या पत्रांत देशभक्तीची आवाहने नव्हती, धर्माचा उपदेशही नव्हता. त्यांत दोन गोष्टी होत्या. प्रत्येकाचे पैसे आपण स्वतःच्या हाताने मोजून देऊ. आणि वाटेत शत्रूने एखादा बैल पळवला तर त्याची किंमतही आपणच भरून देऊ.

दोनतीन दिवसांत हजारावर बैल मिळाले. ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तिकडचे धान्याचे माप. किल्ला वाचला. मग श्वार्ट्झ यांनी बसून सर्वांचे पैसे चुकते केले. हाताशी होते तेवढे पुरेनात, तेव्हा त्यांच्याजवळ दुसऱ्यांचे ठेवलेले पैसे होते तेही तूर्त वापरले. वर प्रत्येकाला लहानशी बक्षिसी देऊन घरी पाठवले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. ज्या ऋणामुळे ही आपत्ती ओढवली होती ते श्वार्ट्झ यांचे नव्हते. बैल त्यांनी वेठीस धरले नव्हते, मजुरी त्यांनी बुडवली नव्हती. राजाच्या आणि कंपनीच्या बेइमानीची झळ त्यांनी स्वतःवर घेतली. आणि शत्रू जो बैल पळवील त्याचीही भरपाई करण्याचे वचन म्हणजे तर अजून न झालेल्या नुकसानीचीही हमी. व्यवहारी माणूस म्हणेल, नीतिसूत्रे वाचली नव्हती की काय? वाचली होती. परंतु वधस्तंभाच्या पायथ्याशी जो रोज बसतो त्याला आपले आणि परक्याचे यांतली रेघ तितकी स्पष्ट दिसत नाही. उपदेशात श्वार्ट्झ पुन्हा पुन्हा खिळलेल्या प्रभूकडे वळत, हे त्यांच्या पत्रांवरून व रोजनिशीवरून कळते. पण किल्ल्याबाहेरच्या त्या कुणब्यांपैकी बहुतेकांनी त्यांचा एकही उपदेश ऐकला नसेल. त्यांनी फक्त पैसे मोजून घेतले. मला नेहमी वाटते की, त्या दिवशी त्यांच्या तळहातावर जे पडले ते चांगल्या उपदेशापेक्षा कमी नव्हते.

असेच पुढेही घडले. कामदारांच्या जुलमाला कंटाळून शेतकरी जमिनी टाकून परमुलुखात निघून गेले होते. राजाने परत बोलावले, कोणी आले नाही. श्वार्ट्झ यांनी न्यायाने वागवले जाईल असा शब्द दिला, आणि एका दिवसात सात हजार माणसे परतली. नांगरणीचे दिवस जवळजवळ संपले होते. श्वार्ट्झ यांचा शब्द खोटा पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबू, असे त्या लोकांनी ठरवले. शब्द देणाऱ्याची लाज राखण्याची ही शेतकऱ्यांची रीत सुंदर आहे.

याच वर्षांत एका मराठी ब्राह्मण विधवेची कथा गुंफली गेली आहे. तंजावरकडची ही स्त्री एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी राहत असे आणि त्याच्याकडून तिला ख्रिस्ताविषयी कळले. तिने श्वार्ट्झ यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला. विवाहावाचून ती त्या अधिकाऱ्याबरोबर राहते म्हणून त्यांनी तो नाकारला. हा निर्णय आज आपल्याला कठोर वाटेल. मला स्वतःला तो कठोर वाटतो, कारण विवाह करणे न करणे तिच्या एकटीच्या हाती थोडेच होते! अधिकारी वारल्यानंतर १७७८ मध्ये पाळयंकोट्टै येथे त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला, आणि क्लोरिंडा हे तिचे नाव झाले. नकाराचा राग तिने धरला नाही. स्वतःचा पैसा घालून तिने त्या गावी चर्च बांधले. १७८५ साली त्याचे समर्पण झाले. तिरुनेलवेलीच्या आजच्या मोठ्या मंडळीचा इतिहास या मराठी बाईपासून सुरू होतो. आपल्यापैकी किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्वार्ट्झ यांच्या तंजावर मंडळीत उपासनेच्या वेळी वरच्या जातीचे लोक एका बाजूला आणि दलित बांधव दुसऱ्या बाजूला बसत. श्वार्ट्झ यांना हे आवडत नव्हते. प्रेमाने व शिकवणुकीने कालांतराने ही भिंत पडेल अशी त्यांची आशा होती, म्हणून त्यांनी ती सक्तीने पाडली नाही. भिंत पडली नाही. पुढच्या पिढीत तिच्यावरून मंडळीत फार मोठे कलह झाले. राजाच्या ऋणाला जो माणूस जामीन राहिला, त्याला आपल्याच मंडळीतील या जुन्या ऋणाचा आकडा पुरता दिसला नाही असे मला वाटते. आपल्या मराठी मंडळ्यांतही लग्ने जुळवताना जुन्या जातीची चौकशी हळूच होते, हे आपण जाणतो. तेव्हा दगड मारण्याची घाई करू नये. पण झाकूनही ठेवू नये.

आता त्या मुलाविषयी.

तुळजाजी राजांची सारी संतती त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावली. आजारी, खचलेल्या राजाने १७८७ साली भोसले कुळातील दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. तो सरफोजी. राजाने श्वार्ट्झ यांना बोलावून मुलगा त्यांच्यापुढे उभा केला आणि हा आता माझा नव्हे, तुमचा पुत्र, अशा अर्थाचे बोलून त्याला त्यांच्या हाती सोपवले. श्वार्ट्झ गहिवरले; पण त्यांनी पालकत्व घेण्यास नकार दिला. राजवाड्यात दोन तट पडतील, मुलाच्या जिवाला धोका होईल आणि बाहेर राहणाऱ्या एका पाद्रीला त्याचे रक्षण करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी कारभार पाहावा आणि मुलाला पित्यासारखे सांभाळावे, असा सल्ला त्यांनी दिला. राजाने तो मानला, अमरसिंगाने वचन दिले, आणि थोड्याच दिवसांत तुळजाजी राजे वारले.

तो सल्ला चुकीचा ठरला. दत्तविधान शास्त्राला धरून आहे की नाही हे इंग्रजांनी बारा पंडितांना विचारले. पंडितांनी ते अयोग्य ठरवले आणि अमरसिंग स्वतःच गादीवर बसला. पंडितांना लाच दिली गेली होती हे श्वार्ट्झ यांना पुढे कळले. इकडे तो मुलगा राजवाड्यात एक प्रकारच्या कैदेत पडला. खोली अंधारी, बाहेर जाण्याची मनाई, शिक्षक नाही. श्वार्ट्झ यांना हे समजले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते.

येथे त्यांना सहज म्हणता आले असते की, मी पालकत्व मुळी घेतलेच नव्हते. कायद्याने ते खरेच होते. पण त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी मद्रासला पत्रामागून पत्र पाठवले. मुलाभोवती इंग्रज शिपायांचा पहारा बसवून घेतला आणि वेळ पडली तेव्हा स्वतः त्याच्याजवळ राहिले. अखेर १७९३ च्या जानेवारीत सरफोजी आणि तुळजाजी राजांच्या विधवा राण्या यांना घेऊन ते स्वतः मद्रासला गेले. तेथे त्यांचे सहकारी मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण सुरू झाले. आणि दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा उघडावा म्हणून श्वार्ट्झ यांनी लिहिणे चालूच ठेवले. नवे पुरावे, नवे पंडित, नवी निवेदने, असे पाच वर्षे चालले. राजाला दिलेला एक चुकीचा सल्ला हा माणूस आयुष्याच्या शेवटापर्यंत फेडत होता.

वाचकहो, या मुलाला श्वार्ट्झ यांनी ख्रिस्ती केले नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. त्याच्याजवळ ते देवाविषयी मोकळेपणाने बोलत, ख्रिस्ताविषयी बोलत. परंतु त्याची गादी, त्याचे शिक्षण, त्याचे रक्षण यांच्या बदल्यात त्यांनी काही मागितले नाही. पोरक्या मुलाला हाताशी धरून धर्म बदलायला लावणे त्यांच्या स्थितीत फार सोपे होते; आपल्या काही टीकाकारांना मिशनरी म्हटले की तेवढेच आठवते. सरफोजी राजे शेवटपर्यंत शिवभक्त राहिले. काशीची यात्रा त्यांनी केली, बृहदीश्वराच्या मंदिराची डागडुजी केली, भोसले वंशाचा मराठी इतिहास त्या मंदिराच्या भिंतीवर कोरवला. ज्याच्या बदल्यात आपल्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते, असे दान कालवरीवर आपल्याला मिळाले, हे श्वार्ट्झ जाणून होते. म्हणून त्यांनीही या मुलावर अट घातली नाही, असे मी समजतो.

१७९७ च्या अखेरीस श्वार्ट्झ आजारी पडले. पायाचे दुखणे वाढत गेले. सरफोजी त्यांना भेटावयास आले, तेव्हा न्यायाने राज्य करावे, प्रजेला जपावे, चैनीच्या मागे लागू नये, सर्वांप्रमाणे ख्रिस्ती प्रजेचेही रक्षण करावे आणि खऱ्या देवाचा शोध घ्यावा, असे त्यांनी त्यांना सांगितले. गादीचा निकाल अजून लागलेला नव्हता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांच्या मागे राहिलेला पैसा मिशनकडे गेला.

अंत्यविधीची ठरलेली वेळ थोडी पुढे ढकलावी लागली, कारण सरफोजींना एकदा शेवटचे दर्शन घ्यावयाचे होते. ते आले, ढसढसा रडले, शवपेटीवर त्यांनी भरजरी वस्त्र घातले आणि कबरेपर्यंत चालत गेले. हिंदू राजपुत्राने पाद्रीच्या प्रेतयात्रेत असे चालणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. प्रेत नेताना गीत म्हणावयाचे ठरले होते. पण रस्त्यात जमलेल्या गोरगरिबांचा आक्रोश एवढा होता की गीत म्हणता आले नाही.

चारच महिन्यांनी, जून १७९८ मध्ये, सरफोजी गादीवर बसले. निकाल ऐकावयाला जामीन उरला नव्हता. पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांजवळ किल्ला व तनखा राहिला. पण ज्ञानाचे राज्य त्यांनी आपल्या हाताने वाढवले. सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ आणले, देवनागरी छापखाना काढला, दवाखाना चालवला, वाटसरूंसाठी छत्रे बांधली, गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची आपल्या खर्चाने तजवीज केली. श्वार्ट्झ यांच्या कबरेवरील शिळेसाठी त्यांनी स्वतः इंग्रजी कविता रचली. ती शिळा तंजावरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे.

श्वार्ट्झ यांची दोन संगमरवरी स्मारके आहेत. आपण कधी दक्षिणेच्या प्रवासाला गेलात तर दोन्ही पाहावी. एक ईस्ट इंडिया कंपनीने करविलेले. ते चेन्नईला, सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चमध्ये आहे. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत, भोवती मुले व सहकारी आहेत, आणि वरच्या बाजूला एक देवदूत वधस्तंभ घेऊन येतो आहे. मरणाऱ्याचा हात त्याकडे उचललेला आहे. कंपनीने ते मोठ्या आदराने उभारले. ज्या कंपनीच्या पतीवर तंजावरच्या शेतकऱ्याने पोतेभर धान्य दिले नव्हते, त्याच कंपनीने हे उभारले, हेही ओघाने आठवते.

दुसरे स्मारक सरफोजी राजांनी फ्लॅक्समन या इंग्लंडमधील नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतले. ते तंजावरच्या शिवगंगा कोटात, श्वार्ट्झ यांनी बांधलेल्या त्याच चर्चमध्ये आहे. मृत्युशय्या तीच आहे. उशाशी गेरिके उभे आहेत, पायथ्याशी शाळेतली मुले आहेत. येथे आकाशातून कोणी वधस्तंभ आणीत नाही. शय्येजवळ तरुण राजा उभा आहे, आणि त्याने म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला आहे.